पाटाच्या घरची लेक

खर्डा म्हटलं की माणसं लगेच लढाईवर येतात. ११ मार्च १७९५. मराठे आणि निजाम. नाना फडणविसांची मसलत, परशुरामभाऊ पटवर्धन, दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, आणि किल्ल्याच्या आसऱ्याला गेलेला निजामअली. शाळेची सहल आली की गुरुजी किल्ल्याच्या दरवाजात उभं राहून हेच सांगतात, आणि त्यात चूक काही नाही. पण आमच्या घरात, म्हणजे सुताराच्या घरात, लढाईची आठवण कुणालाच नव्हती. आमच्या घरात आठवण होती ती सरहद्दीची.

खर्डा इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात, आणि पलीकडं भूम-परांड्याकडं गेलं की निजामाचं राज्य. मधे काही भिंत नव्हती. तेच माळ, त्याच बाभळी, तीच बाजरी. पण कायदा बदलायचा. १ एप्रिल १९३० पासून इंग्रजी मुलखात सारडा कायदा लागू झाला, चौदा वर्षांच्या आत मुलीचं लग्न करायचं नाही म्हणून. कायदा आला म्हणून गावोगाव माणसं शहाणी झाली असं काही नाही. आमच्या आजीचं लग्न नवव्या वर्षी झालं. तिच्या बापानं वऱ्हाड बैलगाड्यांत घातलं, निजामाच्या हद्दीतल्या एका गावात मांडव टाकला आणि अक्षता पडल्यावर गाड्या माघारी फिरवल्या. आजी सांगायची, "मला तर निजाम बी ठावं न्हाई आन सायेब बी ठावं न्हाई. मला येवढं ठावं, की गाडीत झोप लागली व्हती आन उठवून हळद लावली."

तिचा तो पहिला नवरा तापानं गेला. पदरात एक पोरगी, दीड-दोन वर्षांची. मग खर्ड्याच्या सुताराशी, म्हणजे माझ्या आजोबांशी, तिचा पाट लागला. आजोबांना आम्ही आबा म्हणायचो.

पाट म्हणजे काय हे आता शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. विधवेचं किंवा काडीमोड घेतलेल्या बाईचं दुसरं लग्न. त्याला मांडव नाही, वाजंत्री नाही, ते रात्री लागतं, चार माणसांच्या साक्षीनं. काही भागांत म्होतूर म्हणतात. पण लागतं ते कायदेशीरच, जातीला मान्य असतं, आणि होणारी लेकरं घराच्या नावानंच वाढतात. शाळेच्या पुस्तकात आम्हाला शिकवलं की महाराष्ट्रात विधवाविवाह १८६९ साली विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकारानं सुरू झाला, केवढं वादळ उठलं, ग्रामण्य झालं. आजी ते ऐकून हसायची. तिच्या लेखी सुताराच्या, कुणब्याच्या, धनगराच्या घरात पाट ही नेहमीची गोष्ट होती. ते वादळ ब्राह्मणांच्या आळीतलं. अर्थात तिच्या हसण्यातही मेख होतीच. पाट लागला की बाईचा पहिल्या घरावरचा हक्क संपला. आजीच्या पहिल्या नवऱ्याची चार एकर जमीन दिरांकडं राहिली. ती निघाली तेव्हा तिच्याजवळ एक पितळी तांब्या आणि काखेत पोरगी. ती पोरगी माझी थोरली आत्या. सख्खी नव्हे असं आमच्यात कुणी कधी बोललं नाही, पण गाव बोलायचं, 'पाटाच्या घरची लेक'.

हे सगळं मी का सांगतोय, तर पुढं नोकरीच्या निमित्तानं मी मुंबईला गेलो, आणि तिथं ग्रंथालयात मोहिनी वर्दे यांचं डॉ. रखमाबाईंवरचं पुस्तक हाताला लागलं. पहिली काही पानं वाचली आणि मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. एका विधवा बाईचा पाट एका सुताराशी लागतो, तिच्याबरोबर तिची पहिल्या घरची लेक येते, आणि त्या लेकीला सासरी धाडायचं की नाही यावरून सगळा मुलूख पेटतो. आमच्या घरात घडलेलं मी कुठंतरी सत्तर-ऐंशी वर्षं आधीच्या मुंबईत वाचत होतो. फरक इतकाच की मुंबईच्या त्या सुताराच्या हातात वाकस नव्हता. तो डॉक्टर होता.

डॉ. सखाराम अर्जुन राऊत. जन्म १८३९. मुंबईचे सुतार आणि आमच्या खर्ड्याचे सुतार यांच्यात कधी सोयरीक झाली असेल असं मला वाटत नाही, उगाच नातं जोडायला मी जाणार नाही. तरी ज्या जातीत बापजाद्यांनी लाकूड तासलं, त्या जातीतला एक मुलगा ग्रँट मेडिकल कॉलेजात गेला आणि त्या काळात शल्यचिकित्सक झाला, हे वाचून छाती भरून आली हे लपवत नाही. त्यांचा खास विषय वनस्पती. औषधी झाडपाला. मुंबईच्या बाजारात कोणकोणती औषधं विकली जातात याची यादी त्यांनी १८७९ साली छापली. मराठीतूनही वैद्यकावर लिहिलं. आणि १५ सप्टेंबर १८८३ ला भायखळ्याच्या संग्रहालयात आठ जण जमून त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली, त्या आठांत दोनच हिंदी माणसं होती, ती दोन्ही मराठी डॉक्टर. एक हे सखाराम अर्जुन, दुसरे प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग. ज्या संग्रहालयात ही बैठक झाली त्याला आज नाव आहे डॉ. भाऊ दाजी लाड यांचं, तेही डॉक्टर आणि सुधारकच. त्या काळात रोग्याची नाडी बघता बघता ही माणसं समाजाची नाडी बघायला लागलेली दिसतात. पुण्यात डॉ. विश्राम रामजी घोले, गवळी समाजातले, सत्यशोधक. त्यांनी लेकीला, काशीला, शिकवायला घेतलं. नातलगांना ते खपलं नाही आणि पोरीला लाडवातून काच चारली असं पुण्यात सांगतात. पोर गेली. तिच्या नावानं घोल्यांनी सगळ्या जातींना खुला असा पाण्याचा हौद बांधला, तोच बाहुलीचा हौद. पुण्याला गेलात तर फडके हौदाजवळ बघा. घोले रस्ता सगळ्यांना ठाऊक असतो, पोरीचा हौद फार थोड्यांना.

सखाराम अर्जुनांकडं येतो. त्यांची बायको जयंतीबाई. तिचं पहिलं लग्न जनार्दन पांडुरंग यांच्याशी झालेलं. पंधराव्या वर्षी मूल, सतराव्या वर्षी वैधव्य. ते मूल म्हणजे रखमा, जन्म १८६४ चा. पाचसहा वर्षांनी जयंतीबाईंचं सखाराम अर्जुनांशी लग्न झालं. सुतार जातीत ते चालत होतं, म्हणून वादळ वगैरे काही झालं नाही. लग्न करताना जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता रखमाच्या नावे केली. १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्यानंही पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा आधीच्या नवऱ्याच्या जिनगीवरचा हक्क सुटत होता, सुधारणेचा कायदा असून! आमच्या आजीचं जे झालं तेच, फक्त इथं जमीन दिरांकडं न जाता पोरीकडं गेली. आणि माझं असं मत झालंय की पुढच्या सगळ्या प्रकरणाची पाळंमुळं तिथं आहेत. पोरीच्या नावावर काही नसतं तर पोरीसाठी कोण कोर्टात जातंय?

रखमाचं लग्न अकराव्या वर्षी झालं. नवरा दादाजी भिकाजी, एकोणीस वर्षांचा, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला, गरीब. इथं मी बराच वेळ अडकलो होतो. शरीरशास्त्र जाणणारा, सुधारकांत उठबस असणारा माणूस आपल्या घरातल्या पोरीचं लग्न अकराव्या वर्षी होऊ देतो? आत्याला हे सांगितलं तेव्हा तिनंही तेच विचारलं, "डाक्टरची पोर असून बी?" मी म्हटलं, हो, असून बी. मग पुढचं वाचलं तेव्हा थोडा उलगडा झाला. ठरलं असं होतं की जावयानं सासऱ्याच्या घरीच राहायचं, शिकायचं, माणसात यायचं. म्हणजे घरजावई. मला वाटतं, जात आणि घरचे वडीलधारे यांच्यापुढं मान तुकवून डॉक्टरांनी आपल्या परीनं वेळ मागून घेतला होता. लग्न लावा, पण पोरगी माझ्या डोळ्यासमोर राहू दे. आणि सहासात महिन्यांनी रखमा मोठी झाली तेव्हा गर्भाधानाला त्यांनी साफ नकार दिला. एवढ्या लहान वयात शरीराचं काय होतं हे ते डॉक्टर म्हणून जाणून होते. घरातल्या बाईनं पंधराव्या वर्षी बाळंतपण काढलंय हेही रोज समोर दिसत होतं.

आमच्या आबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते अंगठेबहाद्दर. नांगर, कुळव, तिफण, गाडीचा तुंबा, आरे, पाटे, यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. सुगीला शेतकऱ्यांच्या खळ्यावर जाऊन बलुतं आणायचे. पण त्यांची धाकटी बहीण तेराव्या वर्षी बाळंतपणात गेली होती. तीन दिवस अडली होती. तिला गाडीत घालून जामखेडला नेण्यासाठी आबांनीच रातोरात गाडीचं चाक दुरुस्त केलं आणि गाडी वाटेवर निम्म्यातून परत आली. ते चाक त्यांनी पुन्हा कुणाच्या गाडीला बसवलं नाही. बस, एवढंच त्यांचं वैद्यकशास्त्र.

आत्याचं लग्न १९५६ च्या उन्हाळ्यात झालं. वय अकरा. आदल्याच वर्षी हिंदू विवाह कायदा आला होता, मुलगी पंधराची पाहिजे म्हणून, पण खर्ड्यात तो कुणी वाचला होता? लग्न आजीच्या माहेरच्यांनी जुळवलं, आबांनी मान डोलावली. दोन वर्षांनी आत्या शहाणी झाली तसे सासरचे न्यायला आले. आबा म्हणाले, "सोळा झाल्याबिगर न्हाई." त्यांनी कारण सांगितलं नाही. बहिणीचं नाव काढलं असतं तर रडू आलं असतं, आणि पंचापुढं सुतार रडला असता तर हसू झालं असतं.

सासरचे पुन्हा आले ते माणसं घेऊन. मारुतीच्या पारावर पंच बसले. आमच्या वडिलांना, तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे, पाराच्या कडेला बसून हे सगळं ऐकलेलं आठवायचं. मुख्य मुद्दा कोणता काढला असेल? पोरगी तुझी नाहीच. पाटाबरोबर आलेली, तुझा तिच्यावर हक्क काय? तू कोण तिला अडवणारा? आबांचं तोंड तिथंच बंद झालं. पंचांनी दसऱ्यापर्यंतची मुदत दिली, नाहीतर जातीतून पान बंद. आबांनी दसरा काढला, दिवाळी काढली, संक्रांत काढली, दर वेळी पोरीला ताप आहे म्हणून निरोप पाठवला. पंधरावं संपता संपता आत्या सासरी गेली. आबांनी गाडी स्वतः हाकली. तिला नवी लाकडी पेटी करून दिली होती, सागाची, पितळी कड्यांची. ती पेटी अजून आहे.

पहिलं मूल जन्मून दुसऱ्या दिवशी गेलं. दुसरं चार महिन्यांचं होऊन. यापुढचं आत्या सांगत नाही आणि मी विचारलेलं नाही.

मुंबईत पंच नव्हते, हायकोर्ट होतं. दादाजी सखाराम अर्जुनांच्या घरी टिकला नाही. शिक्षण अर्धवट सोडून मामाकडं राहायला गेला, आजारी पडला, कर्जात गेला. रखमा आईकडंच राहिली. शाळा लग्नाबरोबर सुटली होती, तरी घरी वाचत होती, आर्य महिला समाजाच्या बैठकांना जात होती. घरात येणारीजाणारी माणसं बघून तिला आपण काय होऊ शकतो याचा अंदाज आला असणार. मार्च १८८४ मध्ये दादाजीनं वकिलाची नोटीस धाडली, माझी बायको माझ्या घरी पाठवा. मग दावा. दाव्याचं नाव मोठं चमत्कारिक, वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना. हिंदूंच्या शास्त्रात असला दावाच नव्हता. रुसलेल्या बायकोला आणायला माणसं जायची, पंच बसायचे, दंड व्हायचा, पण सरकारनं बाईला नवऱ्याच्या घरी ढकलायचं ही तऱ्हा इंग्रजांच्या चर्चमधल्या न्यायालयांची. ती त्यांनी बोटीतून इकडं आणली. गंमत बघा, हुकूम मोडणाऱ्याला तुरुंगात टाकायची तरतूद खुद्द इंग्लंडनं १८८४ सालीच काढून टाकली, आणि हिंदुस्थानात ती तशीच ठेवली.

१६ एप्रिल १८८५ ला सखाराम अर्जुन वारले. वय सेहेचाळीसच्या आत. दावा उभाच होता. पंचांनी आबांना विचारलेला प्रश्न, तू कोण, तो आता कुणाला विचारायची गरजच उरली नाही. रखमा वीस वर्षांची होती. इथून पुढं ती एकटी बोलायला लागली. त्याच जूनमध्ये टाइम्स ऑफ इंडियात 'एक हिंदू स्त्री' एवढ्याच सहीनं बालविवाहावर पत्र आलं, सप्टेंबरात दुसरं, विधवांच्या हालांवर. लिहिणारी कोण हे बऱ्याच काळानं उघड झालं. सुधारकाच्या घरात वाढणं वेगळं आणि सुधारक गेल्यावर त्याच्या उंबऱ्यावर पाय रोवून उभं राहणं वेगळं.

२१ सप्टेंबर १८८५ ला न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला. दोघं नवराबायको म्हणून कधी एकत्र राहिलेलेच नाहीत, तर पुनःस्थापना कसली? अजाण वयात लग्न लागलेल्या बाईला तिच्या मनाविरुद्ध असं धाडणं त्यांना रानटीपणाचं वाटलं. दावा फेटाळला. दादाजी अपिलात गेला. मार्च १८८६ मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी तो निकाल फिरवून प्रकरण पुन्हा चालवायला सांगितलं. ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम झाला, महिन्याभरात नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी कळवलं, तुरुंगात जाईन.

मग सगळा देश बोलायला लागला. मलबारी बालविवाहाविरुद्ध आधीपासून लिहीतच होते. टिळकांच्या केसरीनं रखमाबाईंच्या विरोधात बाजू घेतली, म्हणजे हिंदू धर्मात सरकारनं हात घालू नये, आणि पोरींना इंग्रजी शिकवलं की असंच होतं, अशा वळणानं. आमच्या घरात टिळकांचा फोटो होता, अजून आहे, तो मी उतरवलेला नाही. पण या प्रकरणात ते पारावरच्या पंचांच्या शेजारी बसलेले दिसतात हे म्हटल्याशिवाय राहवत नाही. दादाजीच्या बाजूनंही एक पुस्तिका निघाली. तिच्यात सगळा रोख सासरच्या माणसांवर आणि मालमत्तेवर. तो वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही. गरीब, आजारी, मामाच्या घरी राहणारा पोरगा होता, आणि वकिलांना, मामांना, धर्माच्या कैवाऱ्यांना तो चांगला सापडला होता. आत्याचे यजमानही वाईट नव्हते. स्वभावानं गरीबच, बैलावरसुद्धा हात न उचलणारे.

शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीनं दोन हजार रुपये घेतले आणि हुकमाची बजावणी सोडून दिली. पुढच्या वर्षी रखमाबाई बोटीत बसल्या आणि लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी पाठ राखली, इंग्लंडात मॅक्लॅरन दांपत्यानं आसरा दिला. त्या तिकडं शिकत असताना इकडं १९ मार्च १८९१ ला संमतिवयाचा कायदा झाला, दहाचं वय बारा केलं. फक्त बारा! तरी त्याच्याविरुद्ध मोर्चे, सभा, होळ्या. कलकत्त्यातल्या फुलमणी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या पोरीचा नवऱ्याच्या हातून जीव गेला होता, तेव्हा कुठं सरकार हललं. आणि त्यामागं रखमाबाईंच्या खटल्यानं उठलेली चर्चा होतीच.

१८९४ ला त्या डॉक्टर झाल्या. परत आल्यावर सुरतेला आणि पुढं राजकोटला बायकांची इस्पितळं सांभाळली, १९२९ च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत. पुन्हा लग्न केलं नाही. सावत्र बापाचा पेशा घेतला, आडनाव लावत बसल्या नाहीत, डॉ. रखमाबाई एवढंच. २५ सप्टेंबर १९५५ ला वारल्या. आमच्या आत्याच्या लग्नाच्या जेमतेम आठ महिने आधी. म्हणजे त्या जिवंत होत्या तेव्हा आत्या खर्ड्याच्या आळीत भातुकली मांडत होती, आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता.

आमच्या तालुक्यात डॉक्टर बायकांपर्यंत पोचले ते १९७० ला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले तेव्हा. त्यांनी गावोगावच्या निरक्षर बायकांना हाताशी धरलं, त्यांनाच बाळंतपणं, जुलाब, ताप शिकवलं. आत्याची शेवटची खेप अशाच एका शिकवलेल्या बाईच्या हातून झाली, बिनघोर. आत्या अजून तिचं नाव काढते. पोरींची लग्नं लहान वयात लावू नका हे त्या बायका उंबऱ्यावर बसून सांगायच्या. गावानं किती ऐकलं? थोडं ऐकलं. आज जामखेड, पाटोदा, आष्टीकडून ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. पोरगी मागं गावात ठेवायची तर भीती, बरोबर न्यावी तर कोपीत भीती, आणि लग्न लावलं तर एक कोयता वाढतो. मग तेराव्या-चौदाव्या वर्षी अक्षता. २००६ चा कायदा आहे, अठराची अट आहे. पूर्वी गाड्या निजामाच्या हद्दीत जायच्या, आता शाळेच्या दाखल्यावरची तारीख तेवढी हलते.

दाव्याची ती इंग्रजी तऱ्हासुद्धा गेलेली नाही. हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात ती आहे. आंध्र हायकोर्टानं १९८३ ला ती घटनाबाह्य ठरवली होती, पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं सरोज राणीच्या खटल्यात तिला पुन्हा टिकवून धरलं. तुरुंग नाही आता, एवढाच फरक.

सुट्टीला गावी आलो की हे सगळं मी आत्याला तुकड्यातुकड्यानं सांगायचो. ती सूप घेऊन बाजरी पाखडत ऐकायची. कोर्टाच्या तारखांत तिला रस नव्हता. सावत्र बापाबद्दल मात्र खोदून विचारायची. डॉक्टर मेला तव्हा पोर किती वर्साची व्हती? त्याला सोताची लेकरं व्हती का? होती, मी म्हणालो. "मग बी हिच्यापायी येवढं?" असं म्हणून ती गप्प झाली. आबांचं नाव दोघांनीही घेतलं नाही.

एकदा मी तिला सांगितलं की १९०४ मध्ये दादाजी वारला, आणि त्यानंतर रखमाबाईंनी विधवेसारखी पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. हे तिला अजिबात पटलं नाही. यजमान गेल्यावर आत्यानं कुंकू पुसलं, पण रंगीत लुगडं सोडलं नव्हतं, त्यावरून भावकीत बोलणी खाल्ली होती.

"दोन हजार रुपयं बी दिलं, आन वरून पांढरं बी नेसली?"

"हो."

"का पर?"

मी म्हटलं, सुरतेच्या आडमुठ्या घरांतल्या बायका तपासायला येतात, त्यांच्या सासवांना तोंड द्यायचं असतं, कदाचित त्यासाठी असेल. पांढऱ्या साडीवाल्या बाईला कुणी काही विचारत नाही. आत्यानं सूप खाली ठेवलं.

"दवाखाना किती वर्सं चालवला म्हनलास?"

"चौतीस-पस्तीस."

"बाळंतीणी किती सोडवल्या आसतील मग," ती म्हणाली, आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागली.